टाकीचं माहेर

एका बाटलीभर पाण्यापायी गोवर्धनकाकांची नोकरी जाता जाता राहिली. आता सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं.

आधी कंपनीबद्दल सांगते. गोंदिया जिल्ह्यात आमचा गोरेगाव तालुका. तिथल्या काही गावांची नळयोजना पूर्वी सरकार चालवायचं. मग ती आमच्या खाजगी कंपनीकडे चालवायला आली. नळ आमचे, मीटर आमचे, बिलं आमची आणि लोकांच्या शिव्याही आमच्याच. तशात नवा कायदा आला, की मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्च करावा. सगळे त्याला सीएसआर म्हणायला लागले. आमच्या नागपूरच्या मोठ्या साहेबांनी त्या कामावर मला नेमलं. मी गोंदियाची सोनिका, समाजकार्याची पदवी घेतलेली, घरात निम्मी हिंदी बोलणारी. साहेब म्हणाले, "आपली पाइपलाइन पोचत नाही असं एखादं गाव शोध, तिथे काहीतरी चांगलं करू." म्हणजे पाणी विकता येतं तिथे विकायचं आणि विकता येत नाही तिथे पुण्य करायचं. हे मी तोंडावर बोलले नाही. नोकरी नवी होती.

मी कुसुमटोला शोधला. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मधे कौलारू घरं आणि गावाला मिळून एकच विहीर. होळी झाली की तिचा तळ दिसायचा. कंपनीने तिथे बोअर मारली, उंच खांबांवर सिमेंटची टाकी बांधली, चौकात सार्वजनिक नळ बसवले. टाकीला निळा रंग दिला आणि त्यावर कंपनीचं नाव इतकं मोठं लिहिलं, की ते पलीकडच्या गावातल्या म्हशींनीही वाचावं. हे सगळं काम गोवर्धनकाकांनी उभं केलं. ते आमचे पंप सुपरवायझर. पन्नाशी ओलांडलेले, उंच, सडपातळ, माणसांपेक्षा पंपाशी जास्त बोलणारे. त्यांची नोकरी कंत्राटी होती, दर उन्हाळ्यात साहेबांची सही झाली की पुढचं वर्ष मिळायचं.

नळ सुरू झाले आणि गावाने ते पाणी प्यायला नकार दिला.

भांडण नाही, मोर्चा नाही. बायका नळाच्या पाण्याने भांडी घासायच्या, गडी बैल धुवायचे आणि प्यायचं पाणी मात्र त्या आटत चाललेल्या विहिरीतूनच ओढायचे. मी पाणी तपासून घेतलं, तपासणीचा कागद चौकात चिकटवला, लोकांसमोर दोन ग्लास स्वतः प्यायले. लोकांनी कौतुकाने पाहिलं आणि विहिरीकडे गेले. शेवटी मी मुन्नीबाईंना गाठलं. मुन्नीबाई बिसेन, पवार समाजातल्या. गावातल्या सगळ्यात वयस्कर नव्हत्या, पण सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

"मुन्नीबाई, पाण्यात काय वाईट आहे ते तरी सांगा."

"पानी बेस आहे जी."

"मग पीत का नाही?"

"लगन कुठी झालं तिचं?"

"कोणाचं?"

"टाकीचं," मुन्नीबाई म्हणाल्या, आणि मी इतकी साधी गोष्ट विचारतेय याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "तळं खोदलं, विहीर खोदली, का आमी तिचं लगन लावतो. तवा ते गावाची सून होते. तोवर ते पाहुनी पोरगी आहे. पाहुन्या पोरीले कोनी पानी भराले लावते का?"

माझी पदवी तिथेच संपली. शेजारच्या छत्तीसगडात तळ्याचं लग्न लावतात हे मी ऐकलं होतं, पण सिमेंटच्या टाकीचं लग्न ना कायद्यात होतं ना कंपनीच्या फायलीत. मी साहेबांना फोन लावला.

"सोनिका, हा खर्च मी कशात दाखवू?"

"जनजागृतीत दाखवा साहेब."

"टाकीचं लग्न म्हणजे जनजागृती?"

"सगळं गाव जागं झालंय साहेब. नवरदेव शोधायला निघालंय."

साहेब हसले आणि हो म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

नवरदेव मिळायला वेळ लागला नाही. मोहाच्या लाकडाचा खांब तासून, रंगवून, त्याला बाशिंग बांधायचं, अशी रीत. तळ्यात तो खांब पाण्याच्या मधोमध रोवतात. गावाला तो टाकीत उभा करायचा होता. गोवर्धनकाका म्हणाले, लाकूड सडलं तर अख्खं गाव आजारी पडेल. बरीच बोलाचाली झाली. शेवटी मुन्नीबाईंनी निकाल दिला, की नवरदेव टाकीच्या शिडीजवळ उभा राहील, नाहीतरी सासुरवाडीत फार आत शिरणारा जावई बरा नसतो. गाव वरपक्ष ठरलं आणि मुन्नीबाई आपसूक नवरदेवाची आई झाल्या. आता प्रश्न मुलीच्या बापाचा.

"जनम कोनं देल्ला तिले? कंपनीनं," मुन्नीबाई म्हणाल्या. "मंग कन्यादान कंपनीच करन. जोडपं पाहिजे पन. तुमी तर आखीन बिनलगनाच्या."

हे वाक्य चौकात सगळ्यांसमोर म्हणायची काही गरज नव्हती, पण ते असो. कंपनीचं जोडपं म्हणजे गोवर्धनकाका आणि सुलोचनाबाई. ते गोरेगावला भाड्याच्या घरात राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलत नसे. मी काकांना विचारलं तेव्हा ते पंपाचा नट आवळत होते. पाना तसाच हातात राहिला. मग म्हणाले, "घरी इचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुलोचनाबाईंचा फोन आला. "सोनिकाबाई, पोरीची माय कोन्या रंगाची साडी नेसते वो? मले काई समजून नाही रायलं. आमच्या घरी असं कारज कधी झालंच नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला आवडेल त्या रंगाची नेसा." त्यांनी आंबा रंगाची नेसली.

लग्न झक्क झालं. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, गोरेगावचा बँड, पिवळ्या अक्षता. बायकांनी टाकीच्या खांबांना हात पोचेल तिथवर हळद लावली, त्यामुळे कंपनीचा निळा रंग खालून पिवळा झाला. काकांनी नवरदेवाचे लाकडी पाय धुतले, इतक्या निगुतीने, की जणू तो खांब उद्या आमच्या ऑफिसात तक्रार करणार होता. टाकीच्या शिडीला आणि नवरदेवाच्या खांबाला उपरण्याची गाठ मारली. मंगलाष्टकं झाली. मग पाठवणीची वेळ आली. पाठवणी कसली? नवरी जागची हलणार नव्हती. पण सुलोचनाबाईंनी टाकीच्या खांबाला मिठी मारली आणि त्या रडायला लागल्या. हुंदके देऊन, लाज न बाळगता.

"लहान आहे वो माही पोरगी," त्या मुन्नीबाईंना म्हणाल्या. "सांभाळून घ्या."

टाकी तीन माड्यांएवढी उंच होती. पण कोणी हसलं नाही. मुन्नीबाईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले. "इनबाई, चिंता नोका करू. आता ते माही सून आहे." विहीणबाईला आमच्याकडे इनबाई म्हणतात, आणि व्याह्याला इवाई. त्या दिवसापासून अख्ख्या गावाने काकांना इवाई म्हणायला सुरुवात केली, अगदी शाळेतल्या पोरांनीसुद्धा.

दुपारी पंगती उठल्या आणि बायका डोक्यावर गुंड, म्हणजे पितळी घागरी, घेऊन चौकातल्या नळावर आल्या. पहिलं पाणी मारुतीला, दुसरं घरात. माझं काम फत्ते झालं होतं.

काका त्यानंतर आठवड्यातून तीनदा तरी कुसुमटोल्याला जायचे. पंप नवा होता, त्याला इतकं बघण्यासारखं काही नव्हतं. जाताना कधी हळदीकुंकू न्यायचे, कधी खांबाला बांधायला नवं तोरण. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, की काका घरून पाण्याची बाटली नेतात आणि तीसुद्धा गावाबाहेर जाऊन पितात. मला वाटलं, पोटाचा काही त्रास असेल. या वयात असतातच.

मग एप्रिल आला आणि मोठे साहेब शूटिंगवाल्यांना घेऊन आले. कंपनीच्या चांगल्या कामांची फिल्म काढायची होती. तिच्यात कंपनीच्या माणसाने कॅमेऱ्यासमोर नळाचं पाणी प्यायचं, हा साहेबांचा हट्ट. खाजगी कंपनीच्या पाण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून आम्ही जे देतो तेच आम्ही पितो, हे दाखवायचं. लग्नाची हकीकत ऐकून तर साहेब खूश होते. "गोवर्धनलाच पिऊ दे. मुलीच्या बापाने मुलीच्या हातचं पाणी प्यायलं. क्या सीन होगा!"

ऊन मी म्हणत होतं. काकांनी कॅमेऱ्याला पंप दाखवला, व्हॉल्व्ह उघडून दाखवले, शिडी चढून-उतरून दाखवली. घामाने सदरा पाठीला चिकटला. कॅमेरा दुसरीकडे वळला असं वाटून काका हळूच कुंपणाबाहेर गेले, पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा प्यायले. कॅमेरा वळला नव्हता. साहेब छत्रीखाली बसून छोट्या पडद्यावर सगळं बघत होते.

"गोवर्धन, ही बाटली कुठली?"

"घरची, साहेब."

"आपल्याच टाकीखाली उभे राहून तुम्ही घरचं पाणी पिता?" साहेबांचा चेहरा लाल झाला. "पाण्यात काही गडबड आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

"पानी एकदम बेस आहे, साहेब."

"मग हे घ्या." साहेबांनी स्वतः नळाखाली ग्लास भरला आणि पुढे केला. "प्या."

काकांनी ग्लासाकडे पाहिलं. मग हात जोडले. "हे नाही जमन, साहेब."

"का?"

काकांची मान खाली. नागपूरहून आलेल्या साहेबापुढे, कॅमेऱ्यापुढे, ही टाकी माझी पोरगी आहे असं कसं म्हणायचं, हे त्यांना सुचत नसावं. साहेबांना मात्र त्या गप्प बसण्यात भलतंच काही दिसलं. आमचा पंपवालाच आमचं पाणी पीत नाही, ही बातमी तालुक्यात फिरली तर कंपनीच्या नळाला कोण तोंड लावणार?

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुमचं कंत्राट या महिन्यात माझ्या सहीला येतंय ना? ते येऊ दे."

त्या वाक्यासरशी मला सगळं लख्ख कळलं, आणि माझाच मला संताप आला. माझ्या आईचे वडील आमच्याकडे गोंदियाला यायचे तेव्हा स्टेशनवर उतरल्या उतरल्या चहा-पाणी उरकून घ्यायचे, आणि आमच्या घरी जिभेवर थेंब ठेवायचे नाहीत. बाप लेकीच्या सासरचं पाणी पीत नाही. लेकीच्या गावाचंसुद्धा नाही. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि महिनाभर त्या बाटलीकडे पाहून पोटदुखीचा विचार करत होते!

मी तोंड उघडणार तोच मुन्नीबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी साहेबांच्या हातातला ग्लास सरळ काढून घेतला.

"कायले जोर करून रायले जी त्याच्यावर? बाप आहे तो. पोरीच्या घरचं पानी पेन का? तुमाले पोरगी नाही का?"

साहेब गडबडले. "आहे. रायपूरला दिली आहे."

"तिच्या घरी पेता पानी?"

"मी पितो," साहेब म्हणाले. "माझे वडील नाही प्यायचे. माझ्या बहिणीकडे गेले की फिरकीचा तांब्या सोबत न्यायचे. आम्ही हसायचो त्यांना." मग त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांच्या हातातल्या त्या प्लास्टिकच्या बाटलीकडे पाहिलं आणि टाकीच्या हळद लागलेल्या खांबांकडे पाहिलं. "गोवर्धन, हे तुम्ही मला सांगायचं ना."

"लाज वाटली, साहेब."

साहेबांचा राग उतरला तसा त्यांना फिल्मचा प्रश्न आठवला. "बरं, गोवर्धन नको. मग मी पितो, मी तर बाप नाही." त्यांनी हात पुढे केला. मुन्नीबाईंनी ग्लास पाठीमागे लपवला.

"तुमी तर मोठे बाप! कंपनी कोनाची?"

गर्दीत हशा पिकला. शूटिंगवाला तर कॅमेऱ्यामागे इतका हसत होता की चित्र हलायला लागलं. साहेबही हसले, पण काळजीने. कंपनीचा कोणताच माणूस पाणी पिणार नसेल तर फिल्ममध्ये दाखवायचं काय? त्यांनी मुन्नीबाईंना जवळजवळ हात जोडले. "आजी, यातून काही वाट असेलच ना?"

"आहे ना," मुन्नीबाई म्हणाल्या. त्यांना हा प्रश्न सकाळपासून हवा होता, अशी मला शंका आहे. "नातू झाला का बाप पेऊ शकते. मंग काई दोस नाही."

"टाकीला नातू कसा होणार?"

"घरात नळ आला, का झाला नातू. चौकातला नळ परका. घरातला नळ म्हनजे लेकरू." त्यांनी ग्लासातलं पाणी शांतपणे स्वतःच पिऊन टाकलं. "अन् पयलं बाळतपन माहेरचे करतात. तुमच्याकडं कसं असते मालूम नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"किती घरं आहेत गावात?" त्यांनी विचारलं.

"जितके घरं, तितके लेकरं," मुन्नीबाई म्हणाल्या. "सून आमची दमदार आहे."

आता ही रीत खरी किती आणि मुन्नीबाईंनी जागेवर जुळवलेली किती, हे मी आजवर शोधलेलं नाही. सूनबाईचं बाळंतपण माहेरी होतं, हे खरं. बापाने नातवंड झाल्यावर लेकीकडे पाणी प्यायचं, हेही खरं. मधला नळ कुठून आला ते मुन्नीबाईच जाणोत. पण साहेबांचा सीएसआर तेवढ्यावर थांबायचा होता तो घराघरात शिरला, हे काय वाईट झालं? साहेब मात्र गाडीत बसताना म्हणाले, "सोनिका, या बाईला आपल्या कंपनीत घेता येईल का?" मी म्हटलं, त्या यायच्या नाहीत, त्या वरपक्षाच्या आहेत.

पाइप यायला, खोदकाम व्हायला पावसाळा उलटला. मधल्या काळात काकांच्या कंत्राटावर सही झाली, तीसुद्धा साहेबांनी फोन करून सांगितली. बांधीतला धान पिवळा व्हायला लागला तेव्हा कुसुमटोल्यात पहिला घरगुती नळ आला. तो कोणाच्या अंगणात आला हे सांगायला नको. नवरदेवाची आई म्हणून तो मान मुन्नीबाईंचाच होता.

बारशाला काका आणि सुलोचनाबाई ठेवणीतले कपडे घालून आले. माहेरची माणसं म्हणून त्यांनी घुगऱ्यांचा डबा आणला होता, आणि सुलोचनाबाईंनी स्वतः शिवलेलं एक इवलंसं झबलं-टोपडं. बायकांनी नळाच्या तोटीला हळदकुंकू लावलं. सुलोचनाबाईंनी टोपडं नळाला घातलं, नाडी बांधली आणि मागे सरून नीट बसलंय का ते पाहिलं. बायकांनी पाळणा म्हटला. नाव काय ठेवायचं यावर वाद झाला आणि तो तसाच राहिला, कारण साहेबांचा शूटिंगवाला घाई करत होता.

मुन्नीबाईंनी तोटी फिरवली, पितळी पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या इवाई. आता पोट भरून प्या."

काकांनी पेला घेतला. ठरल्याप्रमाणे त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं होतं, की आमच्या कंपनीचं पाणी शुद्ध आहे. ते वाक्य मी त्यांच्याकडून गाडीत पाठ करून घेतलं होतं. काका प्यायले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. शूटिंगवाल्याने बोटाने खूण केली. काका म्हणाले, "नातवाच्या हातचं आहे," आणि पेला पुन्हा पुढे केला. फिल्ममध्ये तेच वाक्य राहिलं. साहेबांनी बदलू दिलं नाही.

काम झालं म्हणून कॅमेरा बंद झाला. लोक घुगऱ्यांकडे वळले. सुलोचनाबाई तेवढ्या नळाजवळ उभ्या होत्या. पाणी पिण्याचा सगळा तमाशा बापाचा, आईने इतके महिने या गावात एक थेंब घेतला नाही हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं, माझ्यासुद्धा. मुन्नीबाईंच्या मात्र होतं.

"इनबाई," त्या म्हणाल्या, "तुमी आखीन तहानेल्याच आहा."

पेला शोधायला कोणी उठायच्या आत सुलोचनाबाई वाकल्या, टोपडं ओलं होऊ नये म्हणून एका हाताने जरा वर धरलं आणि दुसऱ्या हाताची ओंजळ करून नळाखाली धरली. प्यायल्या, पुन्हा भरली, पुन्हा प्यायल्या. तोंडावरून, हनुवटीवरून पाणी आंबा रंगाच्या साडीवर सांडत होतं. मग त्या उभ्या राहिल्या आणि गर्दीत काकांना शोधत मोठ्याने म्हणाल्या, "अहो, आजी झाली ना मी!"

काका घुगऱ्यांचा द्रोण हातात घेऊन उभे होते. "हव," ते म्हणाले. "आता टोपडं बदल त्याचं, भिजलं."